राखणदाराच्या वळणावर

"व्हय म्हाराजा म्हण! अरे गायकवाडा, मोठ्यान म्हण! देव काय मोबाईल हा, नुसतो थरथरलंस तरी कळाक?"

सकाळचे सहा वाजले होते. चारकोपच्या आमच्या सोसायटीतली निम्मी माणसं अजून अंथरुणात होती आणि परबकाका आपल्या गाडीच्या बॉनेटसमोर हात जोडून ओरडत होते. गायकवाड म्हणजे मी. मागच्या सीटवर, मांडीवर नारळांची पिशवी घेऊन बसलेला. मी आपलं म्हटलं, "व्हय म्हाराजा." मिटल्या डोळ्यांनीच काकांचं उत्तर आलं, "घाटावरची माणसां तुमी. पोटातसून आवाज येना नाय तुमचो." मग मी पोटातून ओरडलो. तिसऱ्या मजल्यावरचं एक कबुतर त्या आवाजानं हार्ट अटॅक येऊन पडलं, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे पडलं नाही. उडालं मात्र ते थेट गोराईच्या खाडीपर्यंत.

कोकणातला माणूस देवापुढं गाऱ्हाणं घालतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. गणपतीत, जत्रेत, देवळात. एकानं देवाकडं मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला पाठिंबा द्यायचा. परबकाका ते रोज घालत. पाण्याची टाकी भरेना, गाऱ्हाणं. सोसायटीची वार्षिक सभा, गाऱ्हाणं. एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत आम्ही सहा जण. पाच जणांनी वॉचमनला फोन लावले, काकांनी लिफ्टच्या राखणदाराला, म्हणजे ती जागा राखणाऱ्या देवाला, हाक मारली. लिफ्ट सुटली. वॉचमन म्हणतो, त्यानं मेन स्विच खालीवर केला. आमच्या विंगमध्ये त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

समोरच्या विंगमधल्या शहाभाभींना इतकी वर्षं चारकोपात राहून मराठीत फक्त "केवढ्याला दिली?" एवढंच येत होतं. त्यासुद्धा गॅलरीत कपडे वाळत घालता घालता खालून काकांचा सूर चढला की "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळ्या व्हायच्या. त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा खाली उभं राहून गाऱ्हाणं काकांनीच घातलं होतं. कुणाकुणासाठी घालायचे! कुणाच्या गुडघ्यासाठी, कुणाच्या मुलाच्या दहावीसाठी, माझ्या प्रमोशनसाठी. ते झालं नाही, तो भाग वेगळा. "साहेब बदली होव्न जांवदे असा मागूक व्हया होता," काका म्हणाले. "माझाच मागणा चुकला."

काकांनी आयुष्यभर शहरातली लाल बस चालवली. कुणाला कधी साधं खरचटलंही नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला त्यांच्या हॉलमध्ये देवाच्या फोटोशेजारी टांगलेला असे, आणि उदबत्ती दोघांना मिळून एक. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली, पण रिटायर झाल्याची बातमी त्यांच्या हातांपर्यंत पोचलीच नव्हती. गाडी प्रत्येक बसस्टॉपपाशी आपोआप डावीकडं जायची, थांबायची, जरा वाट बघायची आणि निघायची. एकदा एका स्टॉपवर एक म्हातारी शांतपणे मागचं दार उघडून बसली आणि म्हणाली, "एक बोरीवली स्टेशन." काकांनी तिला बोरीवली स्टेशनला नेऊन सोडलं. उतरताना तिनं सुट्टे पैसे पुढं केले तर म्हणाले, "कंडक्टर नाय आज. रवांदे."

वेग तीसच्या वर नाही. हायवेवर आम्हाला मागं टाकून गेलेल्यांत ट्रक होते, टेम्पो होते, सिमेंट कालवत चाललेला मिक्सर होता, आणि एकदा तर वरातीचा घोडा. मी चिडचिड केली की काका म्हणायचे, "सावकाश. मागून दुसरी येता." बसच्या दारात लोंबकळणाऱ्यांना आयुष्यभर ऐकवलेलं हे वाक्य त्यांनी सगळ्या दुःखांवरचं औषध म्हणून ठेवलं होतं. कुणाची नोकरी गेली, मागून दुसरी येता. कुणाचं जुळत आलेलं लग्न मोडलं, मागून दुसरी येता. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णींची बायको माहेरी निघून गेली तेव्हा हेच वाक्य त्यांच्या तोंडावर आलं होतं. मी वेळेवर त्यांच्या पायावर पाय दिला.

आता वैनीबद्दल सांगायला हवं. कारण ही सगळी हकिकत तिच्यासाठी घडली.

वैनी म्हणजे काकांच्या थोरल्या भावाची बायको. राहायला वाकोल्याला, मुलगा आणि सुनेबरोबर. भाऊ गिरणीत होता. तो केव्हाच गेला. काकांची आई लहानपणीच गेलेली, म्हणून भावानं त्यांना गावाहून उचलून आणलं आणि वैनीच्या दहा बाय दहाच्या खोलीत टाकलं. त्याच खोलीत वैनी खानावळ चालवायची. गिरणीतले गडी पाळी संपवून जेवायला यायचे. ते सगळे उठले की उरलंसुरलं घेऊन वैनी आणि हा पोरगा एका ताटात जेवायचे. काकांचं नाव मोहन. बस डेपोत "परबसाहेब", सोसायटीत "परबकाका". वैनी एकटी त्यांना "बाबी" म्हणायची. काकांचं लग्न राहून गेलं. का, ते मी कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

वैनी उंचीला एवढीशी. इतकी एवढीशी की रेशनच्या रांगेत ती दुकानदाराला दिसायचीच नाही, नुसती पिशवी काउंटरवर यायची आणि आवाज यायचा. मात्र त्या आवाजाला सगळा वाकोला घाबरायचा. "आमचो बाबी," ती येईल त्याला सांगायची, "बस चालवल्यान, पण एक कोंबडी चिरडूक नाय."

रिटायर झाल्यावर काकांनी जवळचं सगळं ओतून गावचं पडकं घर नव्यानं बांधून काढलं. वैनीनं ते पाहिलं नव्हतं. आणि गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. एक डोळा गेलाच होता. दुसऱ्यानं नळीतून बघितल्यासारखं दिसायचं. डॉक्टर म्हणाले, "कधी जाईल सांगता येत नाही. जे बघायचं असेल ते बघून घ्या."

वैनी म्हणाली, "माका घर बघूचा हा."

तिला न्यायचं म्हणजे काकांच्याच गाडीतून. आगगाडीच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपेनात, आणि बाकी कुठल्याही वाहनात तिला गाडी लागायची. एकदा मी फुशारकीनं माझ्या गाडीतून तिला वाकोल्याहून चारकोपला आणलं. गोरेगावच्या पुलाखाली माझ्या सीटकव्हरांचं जे झालं ते सभ्य माणसांच्या घरात वाचता येणार नाही. उतरताना वैनी म्हणाली, "चांगली चालवतंस रे झिला, पण पिठाची गिरण बरी." जगात तिला एकच वाहन सोसायचं. बाबीची तीसनं चालणारी, प्रत्येक स्टॉपवर थांबणारी पांढरी गाडी, आणि तीही बाबीच्याच हातची.

म्हणून बेत असा ठरला की आधी काकांनी आणि मी जायचं, घर झाडून पुसून ठेवायचं, आणि परत येऊन वैनीला न्यायचं. सकाळी सहाचं ते ओरडणं त्याच बेताचं.

कोकणात उतरताना एका घाटात, अगदी आंधळ्या वळणावर, झाडाखाली एक शेंदूर फासलेला दगड आहे. तो तिथला राखणदार. येणारेजाणारे ड्रायव्हर त्याला हॉर्न देतात, फार तर चालत्या गाडीतून एक नाणं टाकतात. काका गाडी थांबवायचे. खाली उतरायचे. नारळ फोडून सगळं गाऱ्हाणं साग्रसंगीत घालायचे. बसवर होते तेव्हा सुट्टीत कुणाची तरी गाडी घेऊन गावी जातानाही असंच करायचे म्हणे, पण तेव्हा रस्ता अरुंद होता आणि गाड्या थोड्या होत्या. आता रस्ता रुंद झालेला, गाड्या सुसाट.

मी म्हटलं, "काका, जरा पुढं घ्या. मागून येणाऱ्याला आपण दिसत नाही."

"राखणदार हंयसर हा. पुढे जाव्न कोणाक सांगू, मैलाच्या दगडाक?"

त्यांनी डावा इंडिकेटर लावला, मागच्या चाकाला दगड लावला, चपला काढल्या. मग सुरू झालं. आधी नेहमीची यादी. टायर, इंजिन, सोसायटी, शहाभाभी, माझं प्रमोशन. मी प्रत्येक वेळी "व्हय म्हाराजा" ठोकून देत होतो आणि एक डोळा वळणाकडं ठेवला होता. मग काकांचा आवाज खाली आला.

"बा म्हाराजा. माझ्या वैनीचो एक डोळो गेलो, तेची माझी कायेक तक्रार नाय. पण दुसरो रवांदे. लय दिवस नको. घर बघीपर्यंत रवांदे. तिना उभ्या जन्मात सोताचा घर बघूक नाय. दुसऱ्याच्या खोलयेत रांधल्यान, दुसऱ्यांक वाढल्यान. तेवढा एकदा बघांदे..."

यावर "व्हय म्हाराजा" म्हणायला मला कुणी सांगावं लागलं नाही.

आणि तेवढ्यात वळणावरून एस.टी. आली.

तिच्या ड्रायव्हरचं कौतुक करायला हवं. त्यानं असा ब्रेक मारला की बस आमच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. तिच्या मागून दुधाचा टेम्पो येत होता. त्याचा ब्रेक इतका चांगला नव्हता. टेम्पो बसवर आदळला आणि त्याची कॅनं घाटातून गडगडत निघाली. जीवितहानी नाही. पण सांगतो तुम्हाला, त्या दिवशी पायथ्याच्या गावात ओढ्याला दूध आलं. गुरं पाणी सोडून ओढ्यावर जमली. एका म्हाताऱ्यानं चमत्कार समजून ओढ्यालाच हळदकुंकू वाहिलं. यातलं निम्मं मी नंतर जोडलंय, पण ठोकर खरी, आणि बसमधली एक बाई घाबरून रडत होती तीही खरी.

हवालदार आला. तसा समंजस वाटला. म्हणाला, "काका, वयानं मोठे आहात. देवाला नमस्कार चालत्या गाडीतून होत नाही का?"

इथं काकांनी नुसतं "चुकलं" म्हटलं असतं तर दंडावर भागलं असतं. काका म्हणाले, "तू तुझ्या आयशीक नमस्कार करतंस तो काय धावत धावत करतंस?"

लायसन जप्त झालं. ते आमच्या भागातल्या कचेरीत पाठवायचं ठरलं, आणि काकांनी वाहतूक नियमांचा वर्ग पूर्ण केल्याचा कागद दाखवला तरच परत मिळणार. उरलेली वाट मी गाडी चालवली. घर बघितलं, झाडलं, पुसलं. काका प्रत्येक खोलीत जाऊन उगाच दारं उघडून बंद करत होते. परतीच्या वाटेवर त्या वळणाशी मी हॉर्नसुद्धा दिला नाही. काका खिडकीतून दुसऱ्या बाजूला बघत होते.

आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाला गाडी कशी चालवावी हे शिकायला पाठवणं म्हणजे... मी उपमा शोधली, सापडली नाही. वर्ग कांदिवलीतल्या एका शाळेत भरायचा, महिन्यातून एकदा, शनिवारी. पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. हेल्मेट न घातलेले, सिग्नल तोडलेले, फोनवर बोलणारे. काका इस्त्रीचा शर्ट घालून आणि त्यावर तो बिल्ला लावून पहिल्या बाकावर. मी ड्रायव्हर म्हणून सोबत, म्हणजे शेवटच्या बाकावर.

शिकवायला साळवी मॅडम होत्या. आडनाव ऐकताच काका खुलले. "मॅडम, तुमी खंयच्या?"

"ठाण्याच्या," मॅडम म्हणाल्या आणि फळ्याकडं वळल्या.

त्यांचा एकच नियम होता. वर्गाच्या शेवटी प्रत्येकानं उभं राहून आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची. चूक सांगायची, कारण सांगायचं नाही. एक पोरगेलासा तरुण उठला, "सिग्नल तोडला. चूक झाली." एक बाई उठल्या, "स्कूटर चालवताना आईशी बोलत होते. चूक झाली." मॅडम कागद देत होत्या. मग काका उठले. त्यांनी चपला काढल्या तेव्हाच मला धडकी भरली.

"बा देवा म्हाराजाऽऽ! आज ह्या शाळेत ही जी लेकरां कान धरून बसली हत, तेंका सांभाळ! जेंच्याकडे हेल्मेटां नाय, तेंच्या डोक्यार तुझो हात ठेव! आनी जो हवालदार देवाच्या कामात आडवो येता, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!" अख्खा वर्ग गरजला. भिंतीवरची प्राण्यांची चित्रं हलली. सिग्नल तोडलेला पोरगा तर बाकावर उभा राहिला होता. टाळ्या, शिट्ट्या. मॅडम शांतपणे उभ्या होत्या. आवाज पार बसेपर्यंत त्यांनी वाट बघितली.

"छान," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात या."

घरी येताना काका खुशीत होते. "बघलंस? अख्खो वर्ग माझ्या बाजून होतो."

"काका, कागद त्यांच्या हातात आहे. वर्गाच्या नाही."

"मागून दुसरी येता," काका म्हणाले. "पुढच्या म्हयन्यात."

पुढचा महिना येईपर्यंत आम्ही वैनीकडं दोनदा जाऊन आलो. लायसन गेल्याचं काकांनी तिला सांगितलं नव्हतं. "गाडी गॅरेजात हा," असं सांगत होते. जिनं वाकोलाभर बाबीचा डंका पिटला तिला कुठल्या तोंडानं सांगणार? वैनी म्हणायची, "कसली रे तुझी गाडी, म्हयनो म्हयनो गॅरेजात रवता?" आणि मग, "कधी न्हेतंस?" दुसऱ्या खेपेला आम्ही दारात उभे होतो. वैनी खिडकीपाशी बसली होती. ती आमच्याकडंच बघत होती आणि तिनं विचारलं, "कोण ता?"

काका म्हणाले, "मी गो. बाबी."

"मगे बोलणंस नाय कित्याक?"

त्या दिवशी परतताना मी माझी गाडी बाजूला घेतली. "काका, म्हणून टाका हो. दोन शब्द आहेत. नुसते तोंडानं म्हणायचेत."

काका म्हणाले, "तोंडानच मागलंय रे मी देवाकडे. तिच्यासाठी मागलंय. त्याच तोंडान ता चूक होता म्हणान सांगू?"

मी म्हटलं, "विनालायसन न्या मग. तीसनं चालवता, कोण अडवणार?"

त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी खाली मान घालून गिअर टाकला.

पुढच्या महिन्याच्या शनिवारी काका बिल्ला न लावता आले. त्यांची पाळी आली तेव्हा नीट उभे राहिले. "वळणार गाडी उभी केलंय. चूक झाली. पण..."

"'पण'शिवाय, काका," मॅडम म्हणाल्या.

"चूक झाली मॅडम. पण राखणदार थंयच हा, आनी माझ्या वैनीचो डोळो..."

"काका." मॅडमचा आवाज चढला नाही. "त्या बसमध्ये माणसं होती. त्यांच्याही घरी कुणीतरी असेल. मला तुमची चूक हवीय, वैनी नको."

वर्गात कुणी हसलं नाही. काकांनी बाकाखालची पिशवी घेतली आणि चालू लागले. जिन्यात मी त्यांना गाठलं. मला वाटलं, म्हणतील, मागून दुसरी येता. म्हणाले नाहीत.

तो महिना काकांनी कसा काढला मला माहीत नाही. खाली गाडी धूळ खात उभी होती आणि सकाळचं गाऱ्हाणं बंद झालं होतं. शहाभाभी मला विचारायच्या, "परबभाईनी तबियत बराबर छे ने?" मी बरं आहे म्हणायचो. टाकी भरेनाशी झाली तेव्हा आम्ही प्लंबर बोलावला.

तिसऱ्या वर्गाच्या दोन-तीन दिवस आधी वाकोल्याहून पुतण्याचा फोन आला. सकाळी वैनी उठली आणि तिनं सुनेला दिवा लावायला सांगितलं. दिवा लागलेलाच होता.

मला वाटलं, आता वर्ग कसला आणि कागद कसला. शनिवारी सकाळी मी अजून दात घासत होतो, बेल वाजली. दारात काका. इस्त्रीचा शर्ट. "चल."

"काका, आता कशाला?"

"दिसना नाय तर काय झाला? हाताक तर लागात. भिंती, दारां, खळा. हात लावून बघात ती. चल, उशीर होता."

वर्गात नवी माणसं होती. मागचं कुणालाच ठाऊक नव्हतं. काका मधल्या बाकावर बसले, खाली मान घालून सगळं वहीत उतरवल्यासारखं ऐकत होते, वही नव्हती. पाळी आली. ते उठले.

"घाटातल्या वळणावर मी गाडी उभी केली," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना असं पुस्तकी मराठी बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होतो. "मागून येणारी माणसं मी बघितली नाहीत. माझी चूक झाली."

मॅडम थांबल्या. त्या पुढच्या शब्दाची वाट बघत होत्या, मीही बघत होतो. तो आला नाही. काका खाली बसले.

कागद देताना मॅडमनी विचारलं, "आता वैनींना नेणार ना?"

"हो मॅडम," काका म्हणाले.

लायसन हातात पडलं त्या दुपारी आम्ही वाकोल्याला गेलो. गाडी काका चालवत होते. कांदिवलीपासून वाकोल्यापर्यंत किती स्टॉप आहेत देव जाणे, गाडी एकाही स्टॉपवर थांबली नाही.

वैनी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. सून कामावर गेली होती. जाताना चहा करून थर्मासात ठेवून गेली होती. मी तीन कप ओतले. काका तिच्या पायाशी बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. राखणदार, एस.टी., दूध, हवालदार, शाळा, गॅरेजचं खोटं. वैनी ऐकत होती. तिचा चेहरा काकांच्या जरा डावीकडं वळलेला होता, जिथून आवाज येतोय असं तिला वाटत असावं.

"लायसन गावला वैनी," काका म्हणाले. "उद्याच जावया. सावकाश न्हेतंय. तुका दिसूची गरज नाय, मी सांगतंय ना सगळा. पुढच्या दारातसून आत गेलंस की माजघर. तेच्या उजव्या हाताक रांदपाची खोली. खिडकी उगवतीक. आनी ओटो, वैनी, ओटो तुझ्या कमरेइतको केलंय. गवंडी भांडत होतो, इतको खाली कोण बांधता म्हणान. मी म्हटलंय, माझ्या वैनीन उभो जन्म पाटार उभा रव्हान रांधल्यान, आता नाय. तुझ्या कमरेचो माप दोरयेन घेतलंलंय. आठवता तुका? तू इचारलंलंस, दोरी कित्याक? मी म्हटलंय, गंमत."

तो ओटा मी पाहिला होता. भांडी घासताना माझी कंबर भरून आली होती. गवंड्याची चूक समजून मी तेव्हा काही बोललो नव्हतो.

वैनीनं हात पुढं करून चाचपडत कप खाली ठेवला. नीट ठेवला, सांडला नाही.

"मगे तो उंच करून घे," ती म्हणाली. "सुनेक वाकूचा लागतला."